दुखणं, दाह आणि हृदय

(डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या स्मृतीनिमित्त कल्याण येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आनंदीबाईंचं नाव निघालं की आपण त्यांच्या धैर्याबद्दल बोलतो, त्यांच्या पतीच्या, गोपाळरावांच्या, हट्टाबद्दल बोलतो, बाविशीही पुरी न होता आलेल्या मृत्यूबद्दल बोलतो. त्या अमेरिकेत शिकल्या काय, हे फारसं कुणी विचारत नाही. 31 मार्च 1865 रोजी याच कल्याणात जन्मलेली ही मुलगी 1883 मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाली आणि मार्च 1886 मध्ये एम.डी. होऊन बाहेर पडली. त्या काळात सांधेदुखीच्या औषधांत एक मोठी उलथापालथ नुकतीच होऊन गेली होती. 1876 साली स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात थॉमस मॅक्लॅगन या डॉक्टरने विलोच्या सालीतला सॅलिसिन हा पदार्थ संधिज्वराच्या रुग्णांना दिला. त्याच वर्षी बर्लिनच्या डॉक्टरांनी सोडियम सॅलिसिलेट वापरून पाहिलं. ज्यांना चादरीचा स्पर्श सहन होत नव्हता, असे रुग्ण दोन-तीन दिवसांत पाय हलवू लागले. अ‍ॅस्पिरिन याच कुळातलं. ते बायरच्या प्रयोगशाळेत तयार झालं 1897 साली, आनंदीबाई गेल्यानंतर दहा वर्षांनी.

आजच्या विषयाचं मूळ त्या संधिज्वरात आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो.

संधिज्वर हा मुलांचा आजार. घसा दुखतो, तो स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजतो, मग घोटा, मग कोपर. सॅलिसिलेट दिलं की सूज झरझर उतरते. सांधे पूर्ण बरे होतात, मागे खूणही राहत नाही. पण त्याच वेळी हृदयाच्या झडपांना आलेली सूज मात्र आपल्या गतीने चालू राहते. झडप जाड होते, आखडते, आणि दहा-पंधरा वर्षांनी तीच मुलगी बाळंतपणाच्या वेळी धाप लागली म्हणून दवाखान्यात येते. झडप वाचवायची तर पुन्हा घसा बिघडू द्यायचा नाही, म्हणजे दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, आणि तेही अनेक वर्षं. दुखणं घालवणारी गोळी इथे हृदयाच्या काहीच कामाची नाही. झडपांचा हा आजार आपल्या वस्त्यांतून अजून गेलेला नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

सांधा बरा होतो आणि हृदय होत नाही, हे कोडं दीडशे वर्षांपूर्वीच डॉक्टरांसमोर होतं. त्याचं उत्तर मात्र आमच्या पिढीपर्यंत यायचं होतं, आणि ते आलं तेव्हा आणखी वाईट निघालं: काही पेनकिलर हृदयाला नुसत्या निरुपयोगी नाहीत, त्या अपाय करतात.

आधी दाहाचं बोलू. रक्तवाहिनीत चरबी साचते म्हणजे पाइपात गाळ बसतो, असं आम्ही डॉक्टरच तुम्हाला सांगत आलो. समजायला सोपं, पण चुकीचं. रक्तवाहिनी जिवंत आहे. तिच्या अस्तराखाली कोलेस्टेरॉल शिरलं की पांढऱ्या पेशी तिथे जमतात, ते गिळतात, फुगतात, मरतात आणि आणखी पेशींना बोलावतात. जखमेभोवती जे होतं तेच, फक्त वर्षानुवर्षं आणि न दुखता. रुडॉल्फ फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच हे ओळखलं होतं. बहुतेक हार्ट अटॅक वाहिनी हळूहळू बुजल्यामुळे येत नाहीत. दाहाने पातळ झालेलं त्या गाठीवरचं आवरण एके दिवशी फाटतं, त्यावर रक्ताची गुठळी धरते, आणि काल सुटलेली लोकल धावत पकडणारा माणूस आज कोसळतो.

हा दाह रक्तात मोजता येतो. सीआरपी नावाचं प्रथिन 1930 साली रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये सापडलं. यकृत ते बनवतं, आणि शरीरात कुठेही दाह असला की ते वाढतं. बोस्टनच्या पॉल रिडकर यांनी त्याचा हृदयविकाराशी असलेला संबंध चिकाटीने मांडला. मात्र सीआरपी वाढलेलं असतं आणि अटॅकही येतो, एवढ्यावरून दाहामुळे अटॅक येतो असं म्हणता येत नाही. त्यासाठी फक्त दाह कमी करून पाहायला हवं होतं, कोलेस्टेरॉलला हात न लावता. ते 2017 साली कॅन्टोस या चाचणीत झालं. पूर्वी अटॅक येऊन गेलेले, सीआरपी वाढलेले 10,061 रुग्ण. त्यांना इंटरल्युकिन-1 बीटा हा दाहाचा एक संदेशवाहक अडवणारं इंजेक्शन दिलं. मधल्या मात्रेच्या गटात अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने येणारे मृत्यू मिळून 15 टक्क्यांनी कमी झाले. कोलेस्टेरॉल जिथल्या तिथे होतं. म्हणजे दाह खरोखरच गुन्हेगार होता. पण त्या औषधाने जीवघेणे जंतुसंसर्ग थोडे वाढले आणि किंमत तर विचारूच नका, त्यामुळे हृदयविकारासाठी ते बाजारात आलं नाही. पुढच्याच वर्षी मेथोट्रेक्सेटची चाचणी झाली. आमवातावरचं हे स्वस्त, मुरलेलं औषध. हृदयासाठी त्याचा शून्य उपयोग झाला, कारण या रुग्णांमध्ये त्याने ना इंटरल्युकिन कमी केलं ना सीआरपी.

इथे क्षणभर थांबा, कारण सगळा घोटाळा इथेच होतो. दाह ही एक गोष्ट नाही. तिच्यात अनेक वाटा आहेत, आणि कुठली वाट अडवली यावर सगळं अवलंबून आहे. तुमच्या घरातल्या डब्यातली पेनकिलर एक भलतीच वाट अडवते.

ती वाट शोधली जॉन व्हेन यांनी, 1971 साली लंडनमध्ये. 1982 चं नोबेल त्यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्यासोबत मिळालं. पेशींमध्ये कॉक्स नावाचं एक विकर असतं, ते प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवतं. त्यांतली काही सूज आणि वेदना आणतात. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, सगळी मंडळी हे विकर बंद पाडतात. अडचण अशी, की त्याच कुळातली दोन रसायनं रक्तवाहिनीत एकमेकांविरुद्ध काम करत असतात. रक्तातल्या प्लेटलेट्स थ्रॉम्बॉक्सेन बनवतात. ते गुठळी धरायला लावतं आणि वाहिनी आवळतं. वाहिनीचं अस्तर प्रोस्टासायक्लिन बनवतं. ते गुठळी धरू देत नाही आणि वाहिनी सैल ठेवतं. या विकराचे दोन प्रकार: पहिलं रसायन बनतं कॉक्स-1 कडून, दुसरं मुख्यतः कॉक्स-2 कडून. अ‍ॅस्पिरिनची 75 मिलिग्रॅमची छोटी गोळी, म्हणजे तुमची इकोस्प्रिन, प्लेटलेट्समधलं कॉक्स-1 कायमचं निकामी करते. म्हणून ती अटॅक आलेल्यांना उपयोगी. एवढ्याशा मात्रेत ती दाह वगैरे काही कमी करत नाही.

आता उलट करून पाहा. कॉक्स-2 तेवढं अडवलं, कॉक्स-1 मोकळं ठेवलं, तर? पोटाला त्रास कमी होतो, कारण पोटाचं अस्तर कॉक्स-1 वर जगतं. याच आशेवर 1999 मध्ये मर्क कंपनीचं रोफेकॉक्सिब, म्हणजे व्हायॉक्स, बाजारात आलं. आमवाताच्या 8,076 रुग्णांवरचा व्हिगर हा अभ्यास 2000 साली छापून आला. पोटाचे त्रास कमी झाले होते, पण तुलनेतल्या नेप्रॉक्सेनपेक्षा अटॅक कितीतरी जास्त होते. कंपनीने खुलासा केला की नेप्रॉक्सेनच हृदयाचं रक्षण करत असावं, म्हणून आमचं औषध वाईट दिसतं. चार वर्षं जग या खुलाशावर चाललं. शेवटी आतड्यातल्या पॉलिप्ससाठी चाललेल्या दुसऱ्या एका चाचणीत, जिथे तुलना साध्या साखरेच्या गोळीशी होती, दुप्पट धोका दिसला आणि 30 सप्टेंबर 2004 रोजी व्हायॉक्स मागे घेतलं गेलं. आपल्याकडे तेव्हा औषधांवर उत्पादन-पेटंट नव्हतं, त्यामुळे रोफेकॉक्सिब अनेक देशी नावांनी विकलं जात होतं. डिसेंबर 2004 मध्ये भारत सरकारने त्यावर बंदी घातली. पुढच्या वर्षी व्हाल्डेकॉक्सिबही गेलं.

खलनायक गेला, गोष्ट संपली, असं सगळ्यांना वाटलं. पण कॉक्स-2 कडे झुकण्याच्या बाबतीत एक जुनं, ओळखीचं, रोजच्या वापरातलं औषध या नव्या मंडळींच्या पंगतीतच बसतं: डायक्लोफिनॅक. व्होव्हरान म्हटलं की कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. 2013 साली लॅन्सेटमध्ये शेकडो चाचण्यांची एकत्र छाननी आली. पूर्ण मात्रेत, म्हणजे रोज 150 मिलिग्रॅम, डायक्लोफिनॅक किंवा कॉक्सिब, म्हणजे कॉक्स-2 अडवणारी नवी औषधं, वर्षभर घेणाऱ्या दर हजार लोकांमागे हृदय-रक्तवाहिन्यांच्या तीन गंभीर घटना जास्त घडल्या, त्यांतली एक मृत्यूची. आयब्युप्रोफेनची मोठी मात्राही निर्दोष नव्हती. नेप्रॉक्सेन त्यातल्या त्यात हृदयाला सौम्य ठरलं, पोटाला नाही. हृदय निकामी होऊन दवाखान्यात दाखल होण्याचं प्रमाण सगळ्यांनीच जवळजवळ दुप्पट केलं. त्याच वर्षी युरोपच्या औषध नियामकाने अटॅक, पक्षाघात किंवा हार्ट फेल्युअर झालेल्यांना डायक्लोफिनॅक देऊ नये असं बजावलं. 2015 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने आणखी सांगितलं की हा धोका गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच दिसू शकतो.

हजारात तीन हा आकडा घाबरवणारा नाही, आणि मी तुम्हाला घाबरवायला आलेलो नाही. तरुण, निरोगी माणसाने दाढ दुखली म्हणून दोन दिवस गोळी घेतली तर काही बिघडत नाही. पण समजा आपल्या या कल्याण-ठाण्याच्या पट्ट्यात एक लाख माणसं गुडघ्यासाठी पूर्ण मात्रेत रोज ती गोळी घेत असतील, तर वर्षाला 300 जादा घटना होतील. त्यांपैकी एकाच्याही कागदावर गोळीचं नाव लिहिलं जाणार नाही. डायबेटिस होता, बीपी होतं, वय होतं, एवढंच लिहिलं जाईल. आणि गुडघेदुखीच्या वयात डायबेटिस आणि बीपी असतातच, म्हणजे ज्यांचा धोका मुळात जास्त, तेच या गोळीचे सर्वांत निष्ठावंत गिऱ्हाईक.

एक आडवळण घेतो. डायक्लोफिनॅकवर आपल्या देशात 2006 मध्ये बंदी आली ती जनावरांसाठी, कारण ते दिलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडं मरत होती. त्यांच्या मरणाचं कारण मूत्रपिंड होतं, हृदय नव्हे, म्हणून दोन्हींची सरमिसळ करू नये. तरी माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जातात हे लक्षात आल्यावर 2015 मध्ये ती बाटली 3 मिलिलिटरवर आणावी लागली. गिधाडांसाठी आपण जेवढी चिकाटी दाखवली, तेवढी गुडघ्यांसाठी दाखवलेली नाही.

मूत्रपिंडाचा विषय निघालाच आहे. प्रोस्टाग्लँडिन मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखतात. पेनकिलरने ते घटले की मीठ आणि पाणी शरीरात साठतं, पावलांवर सूज येते, बीपी थोडं चढतं, आणि टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्यांचा जोर कमी होतो. माझ्याकडे बीपी आटोक्यात येत नाही म्हणून येणाऱ्यांना मी मीठ विचारतो, झोप विचारतो आणि तिसरा प्रश्न हाच: दुखण्यावर काय घेता? उत्तर बहुतेक वेळा “काही नाही” असं येतं. मग बरोबर आलेली सून म्हणते, “अहो आई, ती रोजची लाल गोळी?” पेनकिलर हे आपल्याकडे औषध समजलंच जात नाही. त्यात लघवीची गोळी, बीपीची गोळी आणि पेनकिलर अशी तिन्ही एकत्र आली, आणि वर उलट्या-जुलाब झाले, तर मूत्रपिंड चार दिवसांत बसू शकतं.

ही गोळी मिळते कुठे, हे तुम्हाला मी सांगायला नको. डोंबिवली स्टेशनबाहेर उतरा, कल्याणच्या स्कायवॉकखाली पाहा, ठाण्यात नौपाड्यात किंवा वागळे इस्टेटच्या नाक्यावर थांबा. “कंबर धरलीय, काहीतरी द्या” म्हटलं की मेडिकलवाला पट्टीतून दोन गोळ्या कात्रीने कापून देतो. कापलेल्या तुकड्यावर धड नाव नसतं, मात्रा नसते, मुदत नसते. डायक्लोफिनॅक शेड्यूल एचमध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना या नियमाचा आग्रह धरला गेला, तेव्हा औषधविक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवली होती. मला त्या दुकानदारांचा राग येत नाही. पहाटेची लोकल धरून रात्री परतणारा माणूस डॉक्टरांच्या वेळेत येणार कधी? दीड तास एका पायावर उभं राहायचं आणि मग पुलाच्या पायऱ्या. त्याला मेडिकलच परवडतं. पण हे कळतं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

शिवाय त्या गोळीत काय काय कोंबलेलं असतं, हे पाहण्यासारखं आहे. 2016 मध्ये केंद्र सरकारने 344 मिश्रणांवर बंदी घातली, तेव्हा त्या यादीत निमेसुलाइड आणि डायक्लोफिनॅक एकाच गोळीत असलेलं मिश्रणही होतं: एकाच वाटेवर दोन अडथळे, फायदा तेवढाच आणि अपाय दुप्पट. ही बंदी न्यायालयात गेली, उठली, आणि 2018 मध्ये 328 मिश्रणांवर पुन्हा लागली.

स्टेंट बसलेल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम. इकोस्प्रिन आणि आयब्युप्रोफेन दोघांनाही प्लेटलेटमधली तीच जागा लागते. आयब्युप्रोफेन आधी जाऊन बसलं तर अ‍ॅस्पिरिनला जागा मिळत नाही आणि ते निघून जातं. सकाळी आयब्युप्रोफेन असलेली कॉम्बिफ्लॅम आणि मग इकोस्प्रिन, असं रोज करणारा माणूस समजतो की आपलं रक्त पातळ आहे. ते तसं नसतं. यावर उपाय म्हणून इकोस्प्रिन स्वतःहून बंद करू नका, कॉम्बिफ्लॅम बंद करा.

पावसाळ्याबद्दलही बोललं पाहिजे. आपल्याकडे जुलै ते ऑक्टोबर म्हणजे ताप आणि अंगदुखी. फ्लूसारख्या संसर्गातला दाह हृदयावर ताण आणतोच. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये 2018 साली छापलेल्या अभ्यासात फ्लू सिद्ध झाल्यानंतरच्या सात दिवसांत अटॅकचं प्रमाण सहापट आढळलं. तैवानमध्ये पाहिलं गेलं की श्वसनसंसर्गाच्या काळात वर पेनकिलरही घेतली असेल तर अटॅकचा धोका नुसत्या संसर्गापेक्षा जास्त, आणि इंजेक्शनने घेतली असेल तर सर्वांत जास्त. अशा अभ्यासांत ज्यांचं दुखणं मुळातच जास्त, तेच इंजेक्शन घेतात, ही खोट राहते. तरी “डॉक्टर, एक सुई मारा, उद्या कामावर जायचंय” असं म्हणणाऱ्या साठीच्या माणसाला मी नाही म्हणतो, ते यामुळे. डेंग्यूत तर रक्तस्रावाच्या भीतीने या पेनकिलर मुळातच वर्ज्य आहेत. तापाला पॅरासिटॅमॉल, पाणी आणि अंथरूण.

दाह घटवायचा तर तो येतो कुठून, ते बघावं. मशेरी आणि तंबाखू, पोटाचा घेर, सुजलेल्या हिरड्या, उपचार न झालेला आमवात, आणि हवा. 2009 च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मूल्यमापनात डोंबिवली अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत होती. 2014 चा हिरवा पाऊस आणि 2020 चा गुलाबी रस्ता यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. फुफ्फुसातून रक्तवाहिन्यांपर्यंत दाह पोचवणाऱ्या सूक्ष्म कणांना रंग नसतो, म्हणून त्यांच्यावर मोर्चा निघत नाही. आमवाताच्या रुग्णांना एक सांगतो: तुमचा हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट असतो. तुमचं खरं औषध मेथोट्रेक्सेटसारखं, रोग आवरणारं. पेनकिलर दुखणं झाकते आणि रोग आत चालू राहतो, अगदी संधिज्वराच्या झडपेसारखा.

पेनकिलर आणखी एका तऱ्हेने जीव घेते. डाव्या खांद्यात, जबड्यात, पाठीच्या वरच्या भागात कळ येते. माणूस म्हणतो, काल गर्दीत लटकलो म्हणून असेल. एक पेनकिलर, एक गॅसची गोळी, आणि तासभर वाट पाहणं. अटॅकमध्ये तो तास हृदयाच्या स्नायूचा असतो. चाळिशीनंतर अशी कळ, घाम किंवा धाप आली की आधी ईसीजी, मग गोळी.

मग दाहावरचं असं काही औषध आहे का, जे खरोखर हृदयाला उपयोगी पडतं? एक आहे, आणि ते ज्यात सापडतं अशी एक वेल आपल्या शेजारी उगवते. येऊरला किंवा मलंगगडाच्या वाटेवर गौरी-गणपतीच्या सुमारास लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं फूल दिसतं, ती कळलावी. तिच्यात कोल्चिसिन असतं. गाउटवरचं हे पुरातन औषध दाहाची कॅन्टोसमधल्या वाटेच्या जवळची वाट अडवतं. रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन देऊन 2019 आणि 2020 मधल्या दोन मोठ्या चाचण्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना कमी झाल्या. 2023 मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. 2024 मध्ये अटॅकनंतर लगेच दिलेल्या सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. म्हणजे वाद चालू आहे. किडनीचा आजार असेल, किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल, तर हेच औषध विष होतं. आणि कळलावीचा कंद उकळून पिणं म्हणजे सरळ मरण. हृदयाच्या आवरणाला सूज येते त्या पेरिकार्डायटिसमध्ये मात्र कोल्चिसिन आणि अ‍ॅस्पिरिनची मोठी मात्रा ही नेहमीची उपचारपद्धती आहे. तिथे पेनकिलर डॉक्टरच देतात.

राहिला तुमचा गुडघा. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम: खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, खाली. सकाळ-संध्याकाळ, तीन महिने. पहिल्या आठवड्यात काहीच फरक पडत नाही आणि बहुतेक जण तिथेच सोडतात. पाच-सात किलो वजन कमी झालं तर गोळीची मात्रा आपोआप उतरते. जेल लावा; डायक्लोफिनॅकचंच लावलं तरी रक्तात फार थोडं जातं. गोळी लागलीच तर आधी पॅरासिटॅमॉल, तेही रोज चार ग्रॅम नको, कारण त्या मात्रेत बीपी तेही चढवतं, हे 2022 मध्ये एडिंबराच्या अभ्यासात दिसलं आहे. त्याहून जोरदार लागत असेल तर डॉक्टरांना विचारून, कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस, आणि पट्टी पूर्ण घ्या, कापलेली नको, म्हणजे पुढच्या वेळी मला दाखवता येईल.